अयादत आणि तीमारदारी

आजाऱ्याच्या संदर्भात उर्दूत दोन शब्द आहेत. अयादत म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाणे, त्याची विचारपूस करणे. तीमारदारी म्हणजे त्याच्याजवळ राहून त्याची शुश्रूषा करणे. आपल्या घरांत हे दोन्ही शब्द कानावर पडतात आणि पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. अयादतीचे मोल आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. मुसलमानाचे मुसलमानावर जे हक्क सांगितले जातात त्यांत आजाऱ्याला भेटायला जाणे हा एक आहे. म्हणून कोणी अंथरुणाला खिळले की घर माणसांनी भरून जाते. मोसंबी येतात, बिस्किटांचे पुडे येतात, दुआ होते, कोणाच्या तरी चुलत्याला हाच आजार झाला होता त्याची हकीकत होते आणि चहा घेऊन मंडळी उठतात. दार लागल्यावर खोलीत जे उरते ती तीमारदारी. चादर ओली झालेली असते. पाठीखालचा भाग लाल दिसू लागलेला असतो. नळीतून भरवण्याची वेळ झालेली असते. या कामाबद्दल आपण फार कमी बोलतो आणि पैसे घेऊन ते करणाऱ्या बाईबद्दल तर त्याहूनही कमी.

आम्ही कोकणात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. ‘आम्ही’ म्हणजे एका वर्गातल्या पाच मुली. लेखणी एकीच्या हातात आहे, पण इथे जे लिहिले आहे त्यावर होस्टेलच्या खोलीत खूप वाद झालेले आहेत आणि त्यांतले काही अजून मिटलेले नाहीत. आमच्या अभ्यासक्रमात कम्युनिटी हेल्थ नर्सिंग हा विषय असतो. त्यासाठी खेड्यांत आणि मोहल्ल्यांत घरभेटी द्याव्या लागतात. या घरभेटींत आम्हांला लोकांच्या घरी जाऊन नर्सिंग करणाऱ्या सिस्टर भेटल्या. त्यांना पाहून जे प्रश्न पडले ते आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. मजुरी घेऊन केलेल्या शुश्रूषेला खिदमत म्हणता येईल का? आणि जो मुलगा पैसे पाठवून आईसाठी सिस्टर ठेवतो, त्याचा फर्ज अदा झाला असे म्हणायचे का? हे प्रश्न आम्ही उकरून काढलेले नाहीत. ज्या घरात सिस्टर ठेवलेली असते त्याच्या शेजारच्या ओटीवर ते रोज विचारले जातात, आणि विचारण्याच्या सुरातच उत्तर असते.

आधी काम काय आहे ते सांगायला हवे, कारण ते न पाहता त्याची नैतिक किंमत ठरवणारे लोक पुष्कळ आहेत.

रुग्णालयात खाट उंच असते, दोन्ही बाजूंनी मोकळी असते, भिंतीत ऑक्सिजन असतो आणि हाक मारली तर कोणीतरी येते. घरातली खाट बुटकी असते आणि भिंतीला टेकलेली असते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला कुशीवर वळवायचे तर खाटेच्या दोन्ही बाजूंना हात पोचायला हवेत. म्हणून अनुभवी सिस्टर घरात आल्यावर सगळ्यांत आधी खाट भिंतीपासून ओढायला सांगते. इथेच पहिली कुरबूर होते. ती खाट त्या जागी चाळीस वर्षे असते. तिच्या उशाशी लोखंडी पेटी असते, खिडकीतून मशिदीचा मिनार दिसतो. सिस्टर बाहेरची असते, घर त्यांचे असते. सलाइनची बाटली लावायला स्टँड नसतो, मग कॅलेंडरचा खिळा कामी येतो. हवेची गादी आणलेली असते, पण कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. मोटर बंद पडली की गादीचा दाब गेला. मग दर दोन तासांनी कूस बदलणे हे सिस्टरने घड्याळ बघून करायचे, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या जवळ आहे तिथे जखम होते. एकदा झाली की भरायला महिने लागतात, आणि होऊ दिली नाही तर कोणाला काही दिसतच नाही. या कामाचे यश म्हणजे काहीही न घडणे. जे घडलेच नाही त्याबद्दल आभार मानायचे कोणाला सुचत नाही.

घरभेटीची बॅग वापरण्याची आम्हांला एक रीत शिकवतात. घरात गेल्यावर वर्तमानपत्र अंथरायचे, बॅग त्यावर ठेवायची, आधी साबण आणि टॉवेल तेवढे काढायचे, हात धुवायचे, ॲप्रन बांधायचा आणि मग बाकीचे सामान काढायचे. वर्गात हे पाठ करताना हसू येते. घरात गेल्यावर कळते की हात धुवायला पाणी मागावे लागते. म्हणजे सुरुवातच मागण्याने होते. पाणी देण्याआधी आडनाव विचारणारी घरे आहेत. आमच्यातल्या एकीचे आडनाव ऐकून एका घरातल्या बाई थोड्या थांबल्या आणि मग त्यांनी अंगणातला नळ दाखवला. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही, कारण आपल्याच एका मोहल्ल्यात, पाच वेळा अजान होणाऱ्या मशिदीच्या पाठच्या घरात, ब्युरोतून आलेल्या मावशीचा कप आम्ही खिडकीत वेगळा उपडा ठेवलेला पाहिला. मावशी दलित होत्या. ज्या हातांनी त्या घरातल्या आजींना भरवायच्या, त्या हातांचा कप मात्र घरातल्या कपांत चालत नव्हता. समतेवर आपल्या जलशांत पुष्कळ तकरीरी होतात. त्या कपाविषयी कोणी बोलल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

घरी जाऊन केलेले नर्सिंग म्हणजे रुग्णालयात नोकरी मिळाली नाही म्हणून पत्करलेले काम, अशी समजूत आमच्या वर्गातही आहे. इतिहास तसा नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी 1859 साली घरीच वारली. तिच्या शेवटच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन या नर्सने तिची शुश्रूषा केली होती. पैसा असूनही आपल्या घराला ज्या मदतीची इतकी गरज पडली ती मदत नसताना गरिबांच्या खोल्यांत काय होत असेल, असा विचार रॅथबोनने केला आणि त्याच नर्सला तीन महिन्यांसाठी गरिबांच्या घरी पाठवले. महिनाभरात ती परत आली. ते दैन्य आपल्याला बघवत नाही, मोकळे करा, म्हणाली. त्याने तिला थांबायला राजी केले आणि मुदत संपेपर्यंत हे काम सोडू नये असे तिलाच वाटू लागले. रॅथबोनने मग फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला आणि 1862 मध्ये लिव्हरपूलला नर्सांचे प्रशिक्षण सुरू झाले. खुद्द नाइटिंगेल यांनी 1867 च्या एका पत्रात लिहून ठेवले आहे की नर्सिंगचा अखेरचा मुक्काम आजाऱ्याचे स्वतःचे घर हाच असेल. रुग्णालये ही त्यांना मधली पायरी वाटत होती. पण सन 2000 च्या गोष्टी आता बोलून काय उपयोग, अशा अर्थाची पुस्तीही त्यांनी पुढे जोडली. ते 2000 साल येऊन गेले. आपण अजून खाट भिंतीपासून ओढायची की नाही यावर भांडतो आहोत.

मेरी रॉबिन्सन महिन्याभरात परत आली ही गोष्ट आम्हांला तिच्या पुढच्या यशापेक्षा महत्त्वाची वाटते. ती पगारी होती. तिला ते काम असह्य झाले आणि तरी तिने ते केले. खिदमत फुकटच करायची असते आणि ती करताना मनाला आनंदच व्हायला हवा, असे मानणाऱ्यांनी तिला कुठल्या रकान्यात बसवायचे?

आता आपल्याकडची घरे. रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या मुस्लिम गावांत गेलेल्यांना हे चित्र ठाऊक आहे. दोन मजली बंगला, ग्रिलचे दार, आत एक म्हातारी आणि कुवेतला किंवा दुबईला दोन मुलगे. एके काळी या गावांतले पुरुष जहाजावर जायचे, पुढे आखाती देशांत जाऊ लागले. सुना थोडी वर्षे सासूजवळ राहतात, मग मुलांच्या शाळेसाठी मुंब्र्याला नाहीतर नवऱ्याकडे जातात. यात कोणाचा दुष्टपणा नाही. म्हातारी पडते, खुब्याचे हाड मोडते किंवा लकवा होतो, आणि मग फोन करून ब्युरोला सिस्टर मागितली जाते.

अशाच एका घरात आम्ही काही आठवडे जात होतो. दादींची उजवी बाजू गेलेली, वाचा अडखळत होती. सिस्टर मराठवाड्यातल्या, बौद्ध, ए.एन.एम. झालेल्या. दादी त्यांना ‘बाय’ म्हणायच्या, त्या दादींना दादीच म्हणायच्या. पहिल्याच दिवशी खाट ओढताना सिस्टरनी विचारले होते, ‘दादी, किब्ला कुठल्या बाजूला?’ खाट अशी फिरवली की उशाला टेकून बसवले तर तोंड पश्चिमेला व्हावे. दादी इशाऱ्याने नमाज पढायच्या. आधी सिस्टर त्यांना पुसून काढायच्या, कपडा बदलायच्या, हात-तोंड धुवायला तसराळे धरायच्या. लघवीची नळी असताना नमाज होते का, ही शंका दादींना छळत होती. सिस्टरनी ती दादींच्या मुलाला फोनवर सांगितली, त्याने मौलानांना विचारले आणि निरोप आला की माजूर माणसाला, म्हणजे शरीराने लाचार असलेल्याला, सवलत आहे. त्या दिवशी दादी नीट जेवल्या. आमच्या पुस्तकात रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांवर एक धडा आहे. तो आम्हांला त्या खोलीत समजला.

शेजारच्या बायका यायच्या. सिस्टर बाहेर गेल्या की म्हणायच्या, मुलांनी पैशावर आई सोडली. आम्हांला हा टोमणा खोटा वाटतो आणि पूर्ण खोटा म्हणवतही नाही. आमच्यात यावरच सर्वांत जास्त भांडण झाले. 2007 साली आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या चरितार्थाचा कायदा झाला. त्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांचा समावेश आहे. मुलगा हे देत नसेल तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण दर दोन तासांनी कूस कोणी बदलायची हे कुठलाही कायदा सांगू शकत नाही. जो मुलगा कुवेतहून वेळेवर पगार पाठवतो, सिस्टरला सुट्टी देतो, बदली बाई शोधतो, रोज व्हिडिओवर आईचे तोंड पाहतो, तो तीमारदारीच करतो आहे असे आमच्यातल्या तिघींचे म्हणणे आहे, कारण त्याच्या हातांनी ती झाली असती तर कदाचित वाईट झाली असती. माया असलेल्या मुलाला नळीतून भरवता येतेच असे नाही. डोके उंच न ठेवता भरवले आणि ते फुप्फुसात गेले तर मायेने न्यूमोनिया थांबत नाही. उरलेल्या दोघींचे म्हणणे असे की हे सगळे खरे, पण दादी ज्या वेळी सिस्टरच्या हाताला मुलाचा हात समजून धरतात, त्या वेळी जे राहून जाते ते पगारात मोजता येत नाही.

आमचे मत शेवटी असे झाले. तीमारदारी दुसऱ्याच्या हातात देता येते, देण्यात गुन्हा नाही, आणि जाणत्या हातांत दिली तर चांगलेच होते. अयादत मात्र दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. आपल्याकडे याच्या उलट समजूत आहे. अयादत कोणीही करावी, ती सोपी आणि सवाबाची. तीमारदारी मात्र घरच्याच बाईने करावी, बहुधा सुनेने, आणि तिच्या कंबरेचे काय होते ते कोणी विचारू नये.

घरातल्या नर्सकडे एक अधिकार नसतो, आणि त्यामुळे तिच्या कामाला जी खोली येते ती रुग्णालयात क्वचित दिसते. तिला हुकूम करता येत नाही. एका चाचांच्या पायाला मधुमेहाची जखम होती. सिस्टर रोज दुपारी ड्रेसिंगला यायच्या. रमजान लागला आणि चाचांनी रोजे धरायचे ठरवले. वॉर्डात असते तर डॉक्टरांनी एका वाक्यात विषय संपवला असता. घरात चाचा कर्ते होते. मुलगा रागावला, सून रडली. सिस्टर म्हणाल्या, ‘चाचा, रोजा तुमचा, त्यात मी बोलणार नाही. साखर बघायचे काम माझे, त्यात तुम्ही बोलू नका.’ त्यांनी डॉक्टरांकडून इन्सुलिनचे प्रमाण आणि वेळ बदलून घेतली. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही हे चाचांनाच मौलवींना विचारायला लावले. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे वैद्यकीय मार्गदर्शनातले आकडे कागदावर लिहून खाटेजवळ चिकटवले. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी दुपारी साखर 64 भरली. सिस्टरनी यंत्र चाचांसमोर धरले आणि काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने चाचांनी स्वतःच पाणी मागितले. उरलेल्या रोज्यांचा फिद्या त्यांनी दिला.

यावरही आमच्यात दोन मते आहेत. एकीला वाटते की पहिल्या दिवशीच थांबवायला हवे होते, ते आठ दिवस म्हणजे जुगार होता. आम्हां बाकीच्यांना वाटते की चाचांच्या शरीरावर शेवटचा शब्द चाचांचा होता, आणि सिस्टरनी तो त्यांच्याकडून काढून न घेता त्यांना शहाणे व्हायला वेळ दिला. फक्त त्या वेळेवर पहारा ठेवला. माणसाला त्याच्या भल्यासाठी हुकूम करणे आणि त्याला त्याच्या मर्जीवर सोडून देणे या दोन्हींच्या मधली ही जागा फार अरुंद आहे. घरी जाणारी सिस्टर दिवसभर तिथे उभी असते.

आणि ती एकटी असते. वॉर्डात इन्चार्ज सिस्टर असतात, नोंदवही तपासली जाते, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण बघत असतो. घरात दुपारी तीन वाजता बंद खोलीत ती आणि न बोलू शकणारी दादी. कूस बदलली की नाही, भरवण्याआधी नळी जागेवर आहे हे पाहिले की नाही, हे तिच्याशिवाय कोणाला कळणार? वहीत वेळ लिहून ठेवणे सोपे असते. ‘अमानत’ हा शब्द आपण दागिने आणि पैसे यांच्यासाठी वापरतो. त्या खोलीत एक अख्खे शरीर अमानत ठेवलेले असते, आणि त्याबरोबर घराच्या कितीतरी गोष्टी. कोणता मुलगा फोन करत नाही, कोणत्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, दादी झोपेत कोणाचे नाव घेतात. हे सगळे ऐकून दुसऱ्या घरात न नेणे हासुद्धा तिच्या कामाचा भाग आहे आणि त्याचे पैसे कोणी धरत नाही. पडद्याबद्दल आपल्याकडे फार चर्चा असते. स्पंज देताना सिस्टर एक चादर हातात ठेवतात आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडतात. पुसला की झाकतात. दादींना दिसत नव्हते की कोण बघते आहे, खोलीत दुसरे कोणी नव्हते, तरी ती चादर एकदाही सरकली नाही.

अशा बाईला आपण काय म्हणतो? बरे दिवस असले तर ‘फरिश्ता’ म्हणतो. ‘अगदी घरातलीच झाली आहे’ म्हणतो. या शब्दांची आम्हांला भीती वाटते. फरिश्त्याला भूक नसते, त्याला रजा लागत नाही, त्याची पाठ दुखत नाही. घरातल्या माणसाशी पगाराची बोली करायची नसते. ‘घरातली’ म्हटले की रात्री दहाला पाहुण्यांच्या चपात्याही तिने लाटाव्यात असे वाटू लागते. ब्युरोमार्फत आलेल्या बाईच्या पैशांतून ब्युरो आपला हिस्सा कापतो. पुष्कळ ठिकाणी कसलेही प्रशिक्षण नसलेल्या मावशींना ‘सिस्टर’ म्हणून पाठवले जाते, आणि प्रशिक्षित, नोंदणी झालेल्या नर्सला मावशीचा दर दिला जातो. दोघींचे नुकसान होते आणि रुग्णाचेही. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. पण शुश्रूषेच्या बाबतीत मजुरीचा विषय काढला की आपल्याला ती बाई लोभी वाटू लागते. घर हेही कामाचे ठिकाण आहे हे 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने मान्य केले आहे. आपल्या मनाने ते अजून मान्य केलेले नाही.

मजुरी घेतल्याने खिदमत बाटते असे आम्हांला वाटत नाही. इमाम पगार घेतात, मदरशातले उस्ताद पगार घेतात, आणि त्यांच्या कामाला कोणी कमी लेखत नाही. पगार बारा तासांचा असतो. त्या बारा तासांत चादर सरकू न देणे ही तिची मर्जी असते. तिथे खिदमत आहे.

पगारी शुश्रूषेतून नाते निर्माण होते का, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही एकदा आला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 साली हल्ला झाला आणि त्या 2015 पर्यंत, म्हणजे 42 वर्षे, त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. 2011 च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क, कायद्याच्या भाषेत जवळच्या मित्राचा दर्जा, त्यांना इतकी वर्षे सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. ते रुग्णालय होते, घर नव्हे, आणि त्या खटल्यातले बाकीचे प्रश्न वेगळे आहेत. पण रोज अंग पुसणाऱ्याला त्या माणसाबद्दल बोलण्याचा हक्क येतो, एवढे त्यातून निघते. दादींच्या घरी डॉक्टर आले की प्रश्न मुलाला फोनवर विचारले जायचे आणि उत्तरे सिस्टरना ठाऊक असायची.

वेगळे होऊ शकते हे केरळात दिसते. कोझिकोडला 1993 मध्ये वेदनाशामक शुश्रूषेची संस्था उभी राहिली आणि त्या अनुभवातून मलप्पुरम जिल्ह्यात, जिथे बहुसंख्य वस्ती मुसलमानांची आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लहान लहान वर्गणी काढून घरपोच शुश्रूषेचे जाळे विणले. नर्स गाडीतून घरोघर जाते, बरोबर गावातले स्वयंसेवक असतात. 2008 मध्ये केरळ सरकारने याचे धोरण केले आणि पुढे ग्रामपंचायती त्यात आल्या. तिथे अयादतीला येणाऱ्या शेजाऱ्याला जखम धुवायला शिकवले जाते. मोसंबी घेऊन येणाऱ्याला हातमोजे दिले तर तो पळत नाही, असा त्यांचा अनुभव दिसतो. आपल्या जमातींकडे कब्रस्तानासाठी निधी असतो, मय्यतीच्या सामानाची व्यवस्था असते, आणि ती असायलाच हवी. एक सिस्टर आणि दोन हवेच्या गाद्या जमातीने का ठेवू नयेत?

आमच्या स्वतःच्या निवडीबद्दल थोडे. आमच्या पाचांपैकी तिघी मुस्लिम आहेत. तिघींच्याही घरी नर्सिंगला नाव घातल्यावर बैठक झाली. रात्रपाळी, परका पुरुष, लग्न. मदिनेत मशिदीतल्या तंबूत जखमींची मलमपट्टी करणाऱ्या रुफैदा अस्लमिया यांचे नाव सीरतच्या कार्यक्रमांत अभिमानाने घेतले जाते. खंदकच्या लढाईत जखमी झालेले साद बिन मुआज त्यांच्याच तंबूत होते. पण आपल्या मुलीने नर्स व्हायचे म्हटले की तो अभिमान बाजूला पडतो. रुग्णालयातली नोकरी अखेर मान्य झाली, कारण इमारत मोठी असते आणि पुढे सौदीची आशा असते. ‘लोकांच्या घरी जाते’ हे वाक्य मात्र कोणालाच नको आहे. आम्हां पाचांपैकी चौघी परदेशाच्या परीक्षांची तयारी करत आहेत आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. एकजण घरी जाऊन काम करायचे म्हणते. तिने अजून घरी सांगितलेले नाही.

दादी फेब्रुवारीत गेल्या. पहाटे गेल्या, सिस्टर जवळ होत्या. त्यांनी नाकातली नळी काढली, लघवीची नळी काढली, अंग पुसले, डोळे मिटले, जबडा बांधला, चादर ओढली आणि शेजारी सांगायला गेल्या. बायका जमल्या तशा त्या ओटीवर येऊन बसल्या, कारण गुस्ल द्यायचे काम त्यांचे नव्हते आणि त्यांना कोणी आत बोलावले नाही. थोड्या वेळाने गुस्ल देणाऱ्या खालाजान दारात आल्या आणि त्यांनी विचारले, ‘बाय, उजवा हात सरळ होतो का?’ सिस्टर उठल्या. म्हणाल्या, ‘होतो. कोपराला खालून आधार द्या आणि सावकाश घ्या.’ खालाजान आत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, तूच ये.

मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला. ब्युरोने तो दिवस अर्धा लावला होता. मुलाने पूर्ण दिवसाचे पैसे दिले आणि दादींची शाल देऊ लागला. सिस्टरनी पैसे मोजून घेतले. शाल घ्यावी की नाही हे त्यांना लवकर ठरवता येईना, आणि खाली रिक्षा थांबलेली होती. सोमवारपासून त्यांना चिपळूणला दुसरे घर मिळाले होते.